कृत्रिम पायाची खोबण : गुडघ्याखालील पायाच्या जुळणीचा इतिहास

गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्या व्यक्तीच्या उरलेल्या पायावर, म्हणजे खुंटावर, कृत्रिम पायाचा जो वरचा पोकळ भाग बसतो त्यास खोबण किंवा सॉकेट म्हणतात. शरीर आणि कृत्रिम पाय यांचा प्रत्यक्ष संबंध याच ठिकाणी येतो. शरीराचा सर्व भार खोबणीतून पायाकडे जातो आणि जमिनीचा प्रतिरोध तिच्यातूनच शरीराकडे परततो. पाऊल, घोटा व नळी हे भाग कितीही उत्तम असले, तरी खोबण खुंटाला नीट जुळली नाही, तर त्वचा सोलवटते, व्रण होतात आणि तो पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून गुडघ्याखालील कृत्रिम पायाचा इतिहास हा बऱ्याच अंशी खोबणीच्या जुळणीचा इतिहास आहे.

जुळणीची समस्या : तळपायाची त्वचा जाड असते आणि तिच्याखाली चरबीचे कप्पेबंद अस्तर असते. त्यामुळे जन्मभर शरीराचा भार पेलण्यास ती समर्थ असते. गुडघ्याखालच्या त्वचेची घडण तशी नाही. नडगीची धार त्वचेखाली लगेच हाताला लागते. बाहेरच्या बाजूस बहिर्जंघास्थीचे डोके पुढे आलेले असते व त्याच्या मागून वळसा घेऊन एक महत्त्वाची तंत्रिका खाली जाते. कापलेल्या हाडाची टोके तर दाब मुळीच सोसत नाहीत. याउलट गुडघ्याच्या वाटीखालील कंडरा, अंतर्जंघास्थीच्या वरच्या भागाचा आतील उतार आणि पोटरीचे स्नायू हे भाग दाब बऱ्यापैकी सोसतात. सपाट जमिनीवर चालताना प्रत्येक पावलागणिक पायावर येणारा भार शरीराच्या वजनापेक्षाही सु. १० ते २० टक्क्यांनी अधिक असतो. हा भार कोठे द्यावयाचा व कोठे टाळावयाचा हा जुळणीतील पहिला प्रश्न होय.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. खोबण कठीण असते व तिचा आकार बदलत नाही. खुंट मात्र सजीव असल्यामुळे सतत बदलत असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात सूज उतरून व स्नायू रोडावून तो लहान होतो. सकाळी घट्ट बसणारी खोबण संध्याकाळी सैल होऊ शकते. वजनातील चढउतार, मूत्रपिंडांचे विकार, उष्मा व श्रम यांचाही त्याच्या आकारमानावर परिणाम होतो. खोबण सैल झाली की खुंट तिच्यात वरखाली सरकतो (यास कारागीर ‘पंप मारणे’ म्हणतात), त्वचा घासली जाते आणि तिचा तळ हाडाच्या टोकाला लागू लागतो. नुसत्या दाबापेक्षा असे घासणे त्वचेस अधिक अपायकारक ठरते.

प्राचीन काळ : तुटलेल्या पायाच्या जागी दुसरा पाय बसविण्याची कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी धातूची जंघा दिल्याचा उल्लेख आहे. इटलीतील कापुआ येथील थडग्यात सापडलेला इ. स. पू. सु. ३०० मधील पाय लाकडी गाभ्यावर ब्राँझचे पत्रे बसवून केलेला होता. लंडनच्या शल्यचिकित्सकांच्या संग्रहालयात ठेवलेला हा मूळ पाय १९४१ मधील बाँबहल्ल्यात नष्ट झाला. विश्पलेच्या कथेवरून मानवी आकांक्षा दिसते व कापुआच्या पायावरून कारागिरी दिसते. परंतु खुंटावर भार कसा वाटला जात असे, याविषयी या दोहोंवरून काहीच कळत नाही.

मध्ययुगीन यूरोपात सामान्य माणसाच्या वाट्यास लाकडी खुंटी येई. गुडघ्याखाली पाय गेलेला मनुष्य गुडघा दुमडून खुंटीच्या वरच्या गादीवर टेकत असे व उरलेली पोटरी मागे आडवी राहत असे. गुडघ्यावर टेकल्याने खुंटाच्या नाजूक त्वचेवर भार येत नसे. पण धडधाकट गुडघ्याचा उपयोग संपून तो कालांतराने आखडून जाई. म्हणजे जुळणीचा प्रश्न न सोडविता तो टाळलेला होता. फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्र्वाझ पारे (सु. १५१०–१५९०) यांनी रक्तवाहिन्या डागण्याऐवजी त्या बांधण्याची पद्धत अवयवच्छेदनात रूढ केली आणि कृत्रिम अवयवांच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. रक्तस्राव आवरता येऊ लागल्याने वापरण्याजोगा खुंट ठेवण्याचा विचार प्रथमच शक्य झाला.

व्हर्डॉइन यांचा पाय : गुडघ्याची हालचाल राखणारा पाय १६९६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील शल्यचिकित्सक पीटर व्हर्डॉइन यांनी पुढे आणला. त्यात खुंटासाठी तांब्याच्या पत्र्याची खोबण, खाली लाकडी पाऊल, मांडीभोवती आवळून बांधावयाचे चामडी वेष्टन आणि या दोहोंस जोडणाऱ्या, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या अशी रचना होती. खुंटाला न पेलणारा भार मांडीने उचलावा हे यामागील तत्त्व. ते इतके सोयीचे ठरले की, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुडघ्याखालील बहुतेक कृत्रिम पायांची मूळ रचना हीच राहिली. तिचे दोषही तितकेच टिकाऊ होते. सतत आवळलेली मांडी रोडावे, रक्ताभिसरणास अडथळा येई आणि बिजागऱ्यांचा अक्ष गुडघ्याच्या नैसर्गिक अक्षाशी तंतोतंत न जुळल्याने प्रत्येक पावलाला खोबण खुंटावर घासे.

एकोणिसावे शतक : १८४६ मध्ये ईथर देऊन शुद्धिहरण करण्यास प्रारंभ झाला आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी आपली जंतुरोधक पद्धती प्रसिद्ध केली. तोपर्यंत शल्यचिकित्सकाचे कौशल्य वेगावरून मोजले जाई. आता खुंटास आकार देण्यास त्यास अवधी मिळू लागला. याच काळात कृत्रिम पाय हा मोठा व्यवसाय बनला. अमेरिकेतील यादवी युद्धात जेम्स एडवर्ड हँगर या तरुण सैनिकाने जून १८६१ मध्ये पाय गमावला व पिंपाच्या लाकडी फळ्यांपासून स्वतःसाठी पाय घडविला. पुढे त्याने काढलेला कारखाना जगप्रसिद्ध झाला. १८६३ मध्ये न्यूयॉर्क येथील डुबॉइस पार्मली यांनी हवेच्या दाबाने खुंटास धरून ठेवणाऱ्या चूषण खोबणीचे एकस्व घेतले. ती कल्पना काळाच्या फार पुढची होती. तिला लागणारी तंतोतंत जुळणी त्या वेळच्या साधनांनी साधणे कठीण होते.

या काळातील खोबण विलोच्या लाकडाच्या ठोकळ्यातून कोरीत. क्रिकेटच्या बॅटीस लागणारे हे लाकूड हलके व चिवट असते. कोरलेल्या भागावर बाहेरून कच्चे कातडे ओले असताना चढवीत व ते वाळून घट्ट बसे. कारागीर खुंटाला रंग लावून तो खोबणीत घालावयास सांगे आणि जेथे रंग उमटे तेथे लाकूड तासी. ही रीत अत्यंत कुशल हातांची होती. पण तीत खुंट हा सरळ निमुळत्या बुचासारखा मानला जाई. तो खोबणीच्या वरच्या काठांत अडके व खालचे टोक पोकळीत अधांतरी राही. वर आवळलेल्या व खाली मोकळ्या राहिलेल्या खुंटात रक्त व लसीका साचून टोक सुजे, त्वचा काळसर व चामखिळीसारखी खडबडीत होई. वर्षानुवर्षे हा अवयवच्छेदनाचाच अटळ परिणाम समजला जात असे. वस्तुतः तो खोबणीच्या आकाराचा दोष होता.

दोन महायुद्धे : पहिल्या महायुद्धात एकट्या ब्रिटनच्या ४१,००० हून अधिक सैनिकांनी किमान एक अवयव गमावला. त्यांच्यासाठी १९१५ मध्ये लंडनजवळ रोहॅम्टन येथे रुग्णालय सुरू झाले. १९१३ मध्ये विमान अपघातात पाय गमावलेले वैमानिक मार्सेल डिसूटर व त्यांचे बंधू चार्ल्स यांनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा हलका पाय तयार केला. पायाचे वजन घटले. परंतु गुडघ्याखालील पायात मांडीचे वेष्टन व बिजागऱ्या तशाच राहिल्या. वैज्ञानिक शोधांचा भर अजून पायावर होता, खुंटावर नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही दृष्टी बदलली. परतलेल्या सैनिकांच्या तक्रारींमुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९४५ मध्ये कृत्रिम अवयवांच्या संशोधनासाठी समिती नेमली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात शल्यचिकित्सक व्हर्न इन्मन आणि अभियंते हॉवर्ड एबरहार्ट यांनी मानवी चालीचे पद्धतशीर मापन सुरू केले. एबरहार्ट यांनी स्वतः १९४४ मधील अपघातात गुडघ्याखाली पाय गमावला होता. अभियांत्रिकी आणि शरीररचनाशास्त्र प्रथमच एका टेबलाशी बसले आणि त्या टेबलाशी बसणाऱ्यांपैकी एक जण स्वतः खोबण वापरणारा होता.

कंडराभारवाही खोबण : १९५७ मध्ये बर्कली येथे गुडघ्याखालील कृत्रिम पायांविषयी परिसंवाद झाला. अनुभवी कारागिरांकडे वेगवेगळ्या युक्त्या होत्या. त्या एकत्र करून त्यांमागील तत्त्वे शोधण्याचा हा प्रयत्न होता. त्यातून चार्ल्स रॅडक्लिफ व जेम्स फूर्ट यांनी विकसित केलेल्या खोबणीची माहितीपुस्तिका १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ही खोबण पी. टी. बी. या नावाने ओळखली जाते.

तिच्यात खुंटाचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पोकळ साचा घेऊन त्यात प्लॅस्टर ओततात व खुंटाची भरीव प्रतिकृती मिळवितात. ही प्रतिकृती जशीच्या तशी वापरीत नाहीत. जेथे दाब द्यावयाचा, तेथील (म्हणजे वाटीखालील कंडरा व आतील उतार येथील) प्लॅस्टर खरवडतात. जेथे दाब टाळावयाचा, तेथे (म्हणजे नडगीची धार, बहिर्जंघास्थीचे डोके व हाडांची टोके येथे) प्लॅस्टरचा थर चढवितात. या प्रतिकृतीवर कापड व प्लॅस्टिक रेझीन यांचे थर देऊन खोबण तयार होते. कंडरेवरच्या आडव्या फुगवट्यावर खुंट टेकावा म्हणून मागून, गुडघ्यामागील खळग्यात, प्रतिदाब देतात व गुडघा किंचित वाकलेला ठेवतात. खोबण तळापर्यंत खुंटास स्पर्श करते. त्यामुळे टोकाची सूज व त्वचेचे खडबडीतपण टळते. वाटीवरून जाणारा साधा पट्टा पाय धरून ठेवण्यास पुरेसा होत असल्याने बहुसंख्य व्यक्तींना मांडीचे वेष्टन व बिजागऱ्या लागेनाशा झाल्या. सु. २६० वर्षे टिकलेली व्हर्डॉइन यांची रचना अशा रीतीने मागे पडली. १९६० नंतरच्या दशकात फ्रान्स व पश्चिम जर्मनी येथे या खोबणीचे काठ गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी वर नेऊन पट्टाही वगळणारे प्रकार निघाले.

या काळात शस्त्रक्रियाही जुळणीच्या दृष्टीने बदलली. अमेरिकेतील अर्नेस्ट बर्जेस यांनी पोटरीच्या स्नायूंची लांब झडप पुढे आणून हाडाचे टोक झाकण्याची पद्धत रूढ केली. रक्तपुरवठा कमी असलेल्या वृद्ध रुग्णांतही त्यामुळे गुडघा वाचविता येऊ लागला आणि खोबणीस मांसल, भार सोसणारा खुंट मिळू लागला.

सर्वपृष्ठभारवाही खोबण व अस्तरे : कंडराभारवाही खोबण निवडक ठिकाणी दाब देते. भार सर्व पृष्ठभागावर सारखा वाटला, तर कोणत्याच एका जागी तो अधिक होणार नाही, हा दुसरा विचार १९८० नंतर बळावला. द्रवाने भरलेल्या पिशवीत भार जसा सर्व बाजूंना पसरतो, तसा तो मऊ अस्तरातून पसरावा अशी ही कल्पना आहे. आइसलँडमधील ऑसूर क्रिस्टिन्सन यांनी १९८० नंतरच्या दशकात पायमोज्याप्रमाणे उलगडत खुंटावर चढविण्याचे सिलिकोनाचे अस्तर प्रचारात आणले. अस्तर त्वचेस चिकटून राहते व त्याच्या तळाशी असलेली खीळ खोबणीत अडकते. त्यामुळे घसर त्वचा व खोबण यांच्यात न होता अस्तराच्या जाडीत जिरते. १९९० नंतर अमेरिकेतील कार्ल कॅस्पर्स यांनी पंपाने अस्तर व खोबण यांमधील हवा काढून घेण्याची निर्वात पद्धती विकसित केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, थोड्या व्यक्तींवरील एका अभ्यासात अर्ध्या तासाच्या चालण्यानंतर साध्या चूषण खोबणीत खुंटाचे आकारमान सरासरी ६·५ टक्क्यांनी घटले, तर निर्वात खोबणीत ते ३·७ टक्क्यांनी वाढले. दिवसभरात सैल होणाऱ्या खोबणीच्या जुन्या तक्रारीवरील हा लक्षणीय उपाय होय.

तथापि सर्वांना सर्वोत्तम ठरेल असा एकच प्रकार सिद्ध झालेला नाही. अस्तरे महाग असतात, ती झिजल्याने वारंवार बदलावी लागतात, रोज धुवावी लागतात आणि उष्ण हवेत त्यांच्याखाली घाम साचतो. खोबणीचाच त्याग करून हाडात धातूची दांडी रुजविण्याची शस्त्रक्रिया स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे १९९० मध्ये प्रथम मांडीच्या हाडावर झाली. त्वचेतून दांडी बाहेर येते त्या जागी जंतुसंसर्गाचा धोका राहत असल्याने ती निवडक रुग्णांपुरती मर्यादित आहे.

हात आणि संगणक : १९८० नंतर कॅनडातील व्हँकूव्हर व लंडन येथील संशोधकांनी खुंटाचा आकार संगणकात उतरवून यंत्राने प्रतिकृती कोरण्याच्या पद्धती विकसित केल्या. व्हँकूव्हर येथील कार्यात जेम्स फूर्ट यांचाच पुढाकार होता. यामुळे मोजमापे जपून ठेवता येतात व जुन्या खोबणीशी नव्या खोबणीची तुलना करता येते. यंत्र आकार अचूक मोजते; परंतु मऊ भाग दाबल्यावर किती दबेल व कोठे दुखेल, हे हाताने चाचपून व रुग्णास विचारूनच ठरवावे लागते. तात्पुरती पारदर्शक खोबण चढवून त्वचा कोठे पांढरी पडते ते पाहणे, तळाशी मऊ मातीची गोळी ठेवून स्पर्श होतो की नाही हे पडताळणे, या साध्या कसोट्या अजूनही उपयुक्त आहेत. मधुमेहाने संवेदना गेलेल्या व्यक्तीस दुखणे जाणवतच नाही. तिने पाय काढल्यावर रोज आरशात खुंट पाहावा लागतो. दहा-पंधरा मिनिटांत न मावळणारी लाली ही खोबण दुरुस्त करण्याची सूचना समजतात.

भारतातील कार्य : दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले, पुढे नागरिकांनाही त्याचा लाभ मिळू लागला. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्थेने या क्षेत्रातील उपचार व प्रशिक्षण यांस चालना दिली. कानपूर येथे १९७२ मध्ये कृत्रिम अवयव निर्मितीसाठी शासकीय निगम स्थापन झाला.

परदेशी नमुन्याचे पाय भारतीय राहणीस जुळत नव्हते. मांडी घालणे, उकिडवे बसणे, अनवाणी चालणे आणि चिखलात काम करणे त्यांत शक्य नव्हते. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबरी जयपूर पाऊल तयार केले. १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग साहाय्यता समितीने त्याचा मोठा प्रसार केला. प्रसिद्धी पावलास मिळाली. पण उकिडवे बसण्याचा प्रश्न खोबणीचाही होता. खोबणीचा मागील काठ उंच असला, तर गुडघ्यामागील प्रतिदाब चांगला मिळतो, परंतु गुडघा पूर्ण वाकत नाही. काठ उतरविला, तर बसता येते, पण खुंटाचा आधार कमी होतो. शेतात खुरपणी करणाऱ्या व्यक्तीसाठी आणि कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या व्यक्तीसाठी या काठाची योग्य उंची एकच असू शकत नाही. या पायांच्या खोबणी प्रथम ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून करीत. नंतर पाण्याच्या उच्च घनतेच्या पॉलिएथिलीन नळाचा तुकडा भट्टीत मऊ करून प्लॅस्टरच्या प्रतिकृतीवर चढविण्याची पद्धत आली. तीत काही तासांत पाय मिळतो व मजुरी बुडवून दूर गावाहून आलेल्या रुग्णाचा मुक्काम वाचतो. मात्र पहिल्या दिवशी नीट बसलेली खोबण खुंट रोडावल्यावर सैल होतेच. त्या वेळी जवळपास दुरुस्तीची सोय नसेल, तर जादा मोजे चढवून, चिंध्या कोंबून काम भागविले जाते आणि शेवटी कुबड्यांचा आधार घेतला जातो.

सारांश : लाकूड, तांबे, ॲल्युमिनियम, रेझीन व सिलिकोन असे द्रव्य बदलत गेले. मांडीवरील भार कंडरेवर आणि तेथून सर्व पृष्ठभागावर गेला. या वाटचालीत प्रत्येक मोठी सुधारणा खुंटाचे दोष समजल्या गेलेल्या गोष्टी खोबणीचे दोष आहेत, हे ध्यानी आल्यावर झाली. जुळणी ही एकदाच साधून संपणारी गोष्ट नसून खुंटाबरोबर पुनःपुन्हा करावयाची सेवा आहे, हेही या इतिहासावरून दिसून येते. गुडघा वाचलेल्या व्यक्तीस चालण्याचे श्रम गुडघ्यावर पाय गेलेल्या व्यक्तीपेक्षा बरेच कमी पडतात. हा लाभ प्रत्यक्षात मिळणे न मिळणे खोबणीवर अवलंबून असते. म्हणून कृत्रिम पायाच्या कोणत्याही योजनेचे यश वाटलेल्या पायांच्या संख्येपेक्षा दोन वर्षांनंतर वापरात राहिलेल्या पायांच्या संख्येवरून ठरविणे अधिक योग्य होय.